पटपडताळणीत मला सापडलेली गळती

3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली, म्हणजे पटावर जेवढी नावं तेवढी पोरं खरंच आहेत का याची मोजणी. मी तेव्हा तलाठी, पडताळणीच्या पथकात. निवडणुकीत बोटाला शाई लावायची सवय होतीच. इथं ती पोरांच्या बोटाला लावायची होती. सकाळी एका शाळेत मोजलेलं पोर दुपारी दुसऱ्या शाळेच्या रांगेत दिसू नये, एवढाच हेतू.

पट म्हणजे नुसती हजेरी नव्हे. शिक्षकांची पदं, पोषण आहाराचा तांदूळ, मोफत गणवेश, सगळं त्याच आकड्यावर. शिक्षण हक्क कायदा दीड वर्षापूर्वीच लागू झालेला. त्यात वरच्या वर्गांना 35 मुलांमागे एक शिक्षक, म्हणजे चार नावं इकडेतिकडे झाली तरी एखादं पद डळमळणार.

शाळा पहिली ते सातवी. सहावीच्या रांगेत दोन पोरं नव्याकोऱ्या गणवेशात, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "तुमच्या वर्गाला कोण गुरुजी?" विचारलं, तर एकमेकांकडे बघायला लागली. मी शेरा मारला. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, पाणी मागवलं.

इथवर अपेक्षेप्रमाणेच. मग मी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-सोडून गेलेल्या पोरांची नोंदवही, उघडलं, कारण सातबाऱ्यातल्या जुन्या नोंदी चाळायची खोड जात नाही. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात पानामागून पान एकच मजकूर: 'पालकांच्या विनंतीवरून'. शेजारी बसलेल्या गुरुजींना म्हटलं, ही विनंती नेमकी कसली? त्यांनी नावावर बोट ठेवत ठेवत सांगितलं. "हा भोसरीला. बाप कंपनीत लागला. ही दोघं भावंडं तालुक्याला, इंग्रजी शाळेची गाडी गावात यायला लागली ना. आणि भाऊसाहेब, ही पोरगी कागदावर अजून इथंच आहे, पण दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते, गुढीपाडव्यानंतर येते." आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोजत होतो, त्यामुळे ती रांगेत हजर होती. जानेवारीत मोजलं असतं तर तीही 'बोगस' ठरली असती!

शेवटी पहिलीच्या वर्गात गेलो. सातवीला बाकं कमी पडत होती. इथं निम्मी बाकं रिकामी. गैरहजर कोणीच नव्हतं, हजेरीपटावरच नावं तेवढी. मी अंगणवाडीची यादी मागवली, तर ती त्याहून आखूड. गावातून कुणी पळवून नेलेलं नव्हतं, मुलंच कमी जन्मली होती. जन्म-मृत्यूचं रजिस्टर ग्रामपंचायतीत, पटाचं शाळेत. दोन्ही शेजारी ठेवून कोण बघतंय?

पडताळणीत राज्यभरात सुमारे 20 लाख बोगस नावं निघाल्याचं पुढं पेपरात आलं. ते उघडं पडलं हे बरंच झालं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्या गाजावाजात घटता पट म्हणजे लबाडी असं समीकरण होऊन बसलं. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 2005-06 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 2.1 होता, 2019-21 च्या पाहणीत 1.7 वर आला. वरच्या वर्गांना हा फटका दहा-अकरा वर्षांनी बसतो, म्हणून तो आधी मोजता येतो. तसा मोजायला आमच्या तपासणी तक्त्यात रकाना नव्हता. मी शेऱ्यात एक ओळ लिहिली, पथकप्रमुख म्हणाले, "हे आपल्या कामात येत नाही," आणि सही करून पुढच्या शाळेकडे निघाले.