कॉफी सोडली आणि नेम आणखी बिघडला: माझा अनुभव

मी तिरंदाजी करते. सकाळच्या फेरीतले माझे पहिले दोन एंड (एंड म्हणजे सलग सोडायच्या बाणांचा एक संच) सतत वाईट जायचे. साइटची, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची, पिन लक्ष्याच्या पिवळ्या मध्यभागावर यायची, पण तिथे ठरायची नाही. बारीक, भरभर थरथर. नववा-दहावा बाण सुटेपर्यंत हात शांत व्हायचा, पण तोवर गुण गेलेले असायचे.

मी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य वापरते. त्याच्या मुठीवर क्लिकर नावाची एक पातळ पट्टी असते. बाण ठरलेल्या लांबीपर्यंत ओढला की त्याचं टोक तिच्याखालून निसटतं, टक् असा आवाज होतो आणि त्या आवाजावर बोटं सैल सोडायची. मी मात्र आवाजाच्या आधीच दचकून सोडत होते. सरांनी दोन आठवडे खांदा, पकड, उभं राहणं सगळं तपासलं आणि एक दिवस सरळ विचारलं, "सकाळी काय काय पितेस?" तीन मोठे कप कॉफी. म्हणजे मैदानावर यायच्या आत साधारण 300 मिलिग्रॅम कॅफिन, तेही 58 किलो वजनाच्या शरीरात.

एवढ्याशा थरथरीनं काय होतं, हे आकड्यांत पाहिलं तेव्हा मी हादरले. साइटची पिन डोळ्यापासून जेमतेम 85 सेंटिमीटरवर असते. तिथे ती 1 मिलिमीटर हलली की 70 मीटरवर बाण 8 सेंटिमीटर सरकतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 12.2 सेंटिमीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून फक्त 6.1 सेंटिमीटरची जागा. हात प्रत्येकाचाच कापतो, सेकंदाला 8 ते 12 वेळा, आणि निरोगी माणसात ते नैसर्गिकच आहे. कॅफिन, थंडी, थकवा, भीती यांनी ते कापणं वाढतं.

मग मी सगळ्यांत सोपी वाटणारी गोष्ट केली. सोमवारी कॉफी पूर्ण बंद.

मंगळवारी दुपारपासून डोकं ठणकू लागलं. बुधवारी सरावाला उभी राहिले तेव्हा हात खरंच स्थिर होता, पण मन जागेवर नव्हतं. ओढलेलं धनुष्य धरून ठेवायचा कंटाळा येत होता. त्या दिवशीचे गुण महिन्यातले सर्वांत कमी. गुरुवारी मी हार मानून एक कप घेतला, तासाभरात डोकं हलकं झालं आणि बाणांचा ग्रुप आवळला, म्हणजे ते एकमेकांच्या जवळ लागू लागले. मी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: "कॉफीशिवाय जमत नाही."

ते वाक्य चूक होतं, आणि ते का चूक होतं हे कळायला मला वाचन करावं लागलं. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते आपल्याला पेंग आणतं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. रोज कॅफिन घेणाऱ्याचा मेंदू या अडवणुकीला सरावतो. अचानक बंद केलं की 12 ते 24 तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या दिवसाच्या आसपास तो सर्वांत जास्त असतो आणि कुणाकुणाला नऊ दिवसांपर्यंत टिकतो. म्हणजे बुधवारी मी कॉफी नसलेला हात मोजतच नव्हते. सवय तुटलेलं डोकं मोजत होते. गुरुवारची "सुधारणा" म्हणजे फक्त तो त्रास थांबणं. "मी एक दिवस सोडून पाहिली, नेम बिघडला" असं मला मैदानावर कितीतरी जणांनी सांगितलं आहे, आणि आता प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो: किती दिवस सोडली होती?

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. कॅफिन काढून टाकलेली पावडर आणली आणि दर चार-पाच दिवसांनी नेहमीच्या पावडरीतला एक भाग कमी करून ती मिसळत गेले. तीन आठवड्यांत शून्यावर आले. (अगदी शून्य नव्हे. डिकॅफच्या कपातही 2 ते 15 मिलिग्रॅम कॅफिन राहतं.) डोकं एकदाही दुखलं नाही. त्यानंतरचे दहा दिवस तसेच जाऊ दिले.

मग खरी परीक्षा. धाकट्या बहिणीला सांगितलं, दोन्ही पावडरींचे डबे तुझ्याकडे ठेव, चिठ्ठ्या टाक आणि कुठल्या दिवशी काय दिलंस ते मला कळू देऊ नकोस. एक दिवसाआड अशा वीस सकाळी ठरवल्या: दहा खऱ्या कॉफीच्या, दोन कप म्हणजे सुमारे 200 मिलिग्रॅम, आणि दहा डिकॅफच्या. कॅफिन रक्तात पुरतं चढायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून शेवटच्या घोटानंतर 45 मिनिटांनी पहिला बाण. अंतर 18 मीटर, बंदिस्त जागेत. वाऱ्याने सरकलेला बाण आणि कॉफीने सरकलेला बाण लक्ष्यावर वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून मैदान टाळलं. रोज 30 बाण, आणि फोनवर चित्रण, म्हणजे अँकरला (दोरी ओढून हात हनुवटीशी टेकवायची ठरलेली जागा) हात टेकल्यापासून क्लिकर वाजेपर्यंत किती वेळ जातो तो मोजता येईल.

सहा आठवड्यांनी बहिणीनं तिची वही उघडली. 300 पैकी सरासरी डिकॅफच्या दिवशी 262, कॉफीच्या दिवशी 260. मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. एवढ्यासाठी एवढं केलं?

मग बाण एकेक करून उलगडले. पहिल्या सहा बाणांत डिकॅफला 60 पैकी सरासरी 52, कॉफीला 49. उरलेल्या चोवीस बाणांत 210 आणि 211. सगळा फरक सुरुवातीला होता आणि पुढे कॉफी कणभर पुढेच होती. कॉफीच्या दिवशी मी क्लिकरपर्यंत लवकर पोचत होते, तीन सेकंदांऐवजी सव्वादोनमध्ये. हात कापतोय म्हणून लवकर सोडायची घाई, आणि घाईत सुटलेले बाण लक्ष्याच्या एकाच बाजूला. एक कबुली द्यायला हवी: वीसपैकी सोळा वेळा कपात काय होतं ते मी ओळखलं होतं, छातीतल्या धडधडीवरून. त्यामुळे पहिल्या बाणांवर मनाचा परिणाम नव्हताच असं मी म्हणणार नाही.

अमेरिकी नौदलाच्या सील या विशेष पथकाच्या प्रशिक्षणार्थींवर झालेला 2003 सालचा एक अभ्यास वाचला तेव्हा हे चित्र जास्त नीट कळलं. 72 तास झोप नसलेल्या त्या तरुणांना 100, 200 किंवा 300 मिलिग्रॅम कॅफिन किंवा नुसती खोटी गोळी दिली होती. 200 आणि 300 घेणाऱ्यांचा नेम धरण्याचा वेळ कमी झाला, पण अचूकतेत फरक पडला नाही. थकलेल्या माणसाला कॅफिन जागेवर आणतं, झोप झालेल्या माणसाचा नेम त्यानं आणखी अचूक होईल असं मानायला कारण नाही, असा अर्थ मी घेतला.

आमच्यासोबत एक काका कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याने सराव करतात. जिथे शिकारीला कायद्यानं परवानगी आहे तिथे ते परवाना घेऊन जातात. त्यांना माझे 262 आणि 260 ऐकायचेच नव्हते. ते म्हणाले, "पोरी, मला दुसरा बाण नसतो. तुझे पहिले सहा काय म्हणतात ते सांग." अंधारात निघायचं, थंडीत तीन-चार तास न हलता बसायचं, जागं राहण्यासाठी थर्मासमधून कप ओतत राहायचं आणि मग आखडलेल्या स्नायूंनी एकच बाण सोडायचा. कंपाउंडमध्ये पूर्ण ओढल्यावर बराचसा भार, बऱ्याचदा 80 टक्क्यांच्या आसपास, उतरतो, म्हणून ते जास्त वेळ धरू शकतात, पण जास्त वेळ धरलं की पिनचं तरंगणंही जास्त वेळ डोळ्यांपुढे राहतं. जखमी होऊन निसटलेलं जनावर त्यांनी तरुणपणी एकदा पाहिलंय, त्याबद्दल ते अजून हळू आवाजात बोलतात. त्यांनी थर्मास सोडला नाही. निघताना एक कप आणि नंतर फक्त गरम पाणी, असं केलं. तिथे थंडीनंच हात कापतो, त्यात आणखी भर नको, हे मला पटलं.

माझ्या स्वतःच्या आकड्यांत एक मोठी अडचण मला उशिरा दिसली. ते सवय सुटलेल्या माणसाचे होते. दीड महिना कॉफीपासून जवळपास दूर राहिलेल्या शरीरावर 200 मिलिग्रॅम जोरात आदळतात. म्हणून स्पर्धेआधी महिनाभर कॉफी बंद ठेवून त्या दिवशी "जोर यावा" म्हणून पिणं हा मला सगळ्यांत घातक मार्ग वाटतो. स्पर्धेत आधीच भीतीनं अ‍ॅड्रेनालिन वाढलेलं असतं आणि तेही हात कापवतं. ही थरथर दाबणारी बीटा-ब्लॉकर औषधं तिरंदाजी आणि नेमबाजीत बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहेत ती उगाच नाहीत. कॅफिन मात्र 1 जानेवारी 2004 पासून त्या यादीत नाही, त्यावर फक्त लक्ष ठेवलं जातं.

शेवटी मी रोज एक कप, साधारण 100 मिलिग्रॅम, एकाच वेळी, पहिल्या बाणाआधी दीड तास, असं ठरवलं. सुट्टीच्या दिवशीही तोच कप. तीन आठवड्यांत धडधड गेली आणि पहिल्या सहा बाणांची सरासरी परत 52 वर आली. एकास एक सामन्यात आलटून-पालटून बाण सोडताना प्रत्येक बाणाला 20 सेकंद मिळतात. तिथे घाईची सवय लगेच उघडी पडते, आणि तिथेच मला सर्वांत जास्त फरक जाणवला. दोन सामन्यांच्या मध्ये कुणी कप पुढे केला तर मी पाणी घेते.

दुपारचा चहा सोडणं जास्त जड गेलं. एका कपात 40-50 मिलिग्रॅमच असतं, पण पाच तासांनीही त्यातलं निम्मं अंगात उरतं आणि माझी झोप तशीच हलकी आहे. तो बंद केल्यावर साडेदहाला डोळा लागू लागला. वहीत आता कपाच्या रकान्याशेजारी झोपेचाही रकाना आहे, आणि पहिला एंड बिघडला की मी आधी तोच बघते.