पुस्तक बंद कर, आते सांग

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, मग स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून फोनही आला आणि मी लगेच हो म्हटलं, कारण शाळेबद्दल लिहायचं म्हणजे मला सरांबद्दल लिहायचंय. कोणते सर हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्या सर-मॅडमनीही खूप दिलं, त्यांच्यावर इतर कोणी लिहीलच, माझी जागा मात्र सगळी सरांना.

मी दहावीच्या ९४ च्या बॅचची. तेव्हा आपल्याकडे अभ्यास म्हणजे मोठ्याने वाचणं, तोच धडा परत परत, गल्लीत ऐकू गेलं पाहिजे इतकं. दिवाळीनंतर सरांची रात्रीची अभ्यासिका सुरू झाली, तोवर आम्हा सगळ्यांना वाटायचं की जो जास्त वेळ वाचतो तो हुशार. पहिल्याच रात्री सरांनी सगळ्यांची पुस्तकं गोळा करून कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. मग पाठकोरे कागद वाटले. हे कागद म्हणजे जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीची जुनी बिलं, एका बाजूला कापसाचं वजन नि भाव, मागची बाजू कोरी, सर तिथून गठ्ठेच्या गठ्ठे मागून आणायचे. म्हणाले, आज दुपारी जो धडा शिकवला त्यातलं जेवढं आठवतं तेवढं लिहा. कोणाच्या पाच ओळी, कोणाच्या सात. मग पुस्तकं परत दिली आणि सुटलेलं तेवढं लाल पेनने भरायला लावलं. रोज हेच. कोणी म्हटलं की सर मला येतं, की सर लगेच अहिराणीत, "पुस्तक बंद कर, आते सांग," म्हणजे आता सांग. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं वाचलेल्या पानाचं होतं असं ते सांगायचे.

आमच्या घरी कापसाचा सीझन म्हणजे मलाही वेचणीला जावं लागायचं. सर घरी आले तेव्हा मला वाटलं आता ते मायला रागावतील, पण ते ओट्यावर बसले, चहा घेतला आणि मायला म्हणाले, "ताई, पोरीला शेतात न्या, पण रात्री अर्धा तास तिच्याकडून धडा ऐकून घ्या." माय म्हणाली, गुर्जी मला तर सही पण येत नाही. सर म्हणाले, वाचायचं नाहीच, फक्त ऐकायचं, ती जिथे अडखळेल तिथे वाटीत एक सरकी टाकायची, आणि नाही समजलं तर विचारायचं.

मायने ते मनावर घेतलं. भाकऱ्या झाल्या की चुलीपुढे वाटी घेऊन बसायची. एके दिवशी मी रक्ताभिसरण सांगत होते, धमनीतून शुद्ध रक्त, शिरेतून अशुद्ध, आणि पुढे म्हटलं की फुप्फुसशिरेतून शुद्ध रक्त हृदयाकडे येतं. मायने सरकी टाकली नाही, मला थांबवलं, "मंग हाई शिर चांगलं रक्त कशी काय लई येस?" म्हणजे मग ही शीर चांगलं रक्त कशी काय घेऊन येते? मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं तर त्यांचा चेहरा जो खुलला तो अजून डोळ्यापुढे आहे, त्यांनी वर्ग थांबवून फळ्यावर हृदय काढलं आणि समजावलं की शिरा म्हणजे हृदयाकडे येणारी, धमनी म्हणजे हृदयापासून निघणारी, रक्त कसलं यावर ते ठरत नाही. आणि मग सगळ्यांना सांगितलं की हा प्रश्न हिच्या आईचा आहे. संध्याकाळी मी मायला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण त्या वर्षी मला एकाही रात्री तिला ऐकायला बस म्हणावं लागलं नाही.

गणितात सर तीन-चार प्रकरणांची उदाहरणं मिसळून द्यायचे, कारण बोर्डाच्या पेपरात वर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. उजळणीसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर धड्याचा नंबर त्याच दिवशी, मग तिसऱ्या दिवशी, मग पुढच्या रविवारी, मग महिन्याने, असा लिहायला लावायचे. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे ते सर आम्हाला नेहमी सांगायचे, शिक्षकाचं काम शाळा सुटल्यावरही असतं हे त्यांना तिथूनच पटलेलं असावं.

पुढे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात बी.एड. केलं तेव्हा एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ वाचला, त्याने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त पुसलं जातं. मग २००६ चं रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं संशोधन वाचलं. कॉलेजच्या मुलांना उतारे दिले, पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे, पण आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवलं आणि एकदा वाचून एकदा न बघता लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. मी ते वाचून सरांना फोन केला, सर म्हणाले, अरे वा, बरं झालं मोजलं कोणीतरी.

आज मी धुळ्याला ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते, माझी कितीतरी मुलं नर्सिंगला, मेडिकलला गेली, आणि प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात मी पाठकोरे कागदच वाटते. मुलं हुशार आहेत हो, पण पीडीएफ नोट्स, हायलायटरने पिवळी केलेली पानं, क्लासचे व्हिडिओ दीडपट स्पीडने, आणि सगळं बघून झालं की अभ्यास झाला असं त्यांना मनापासून वाटतं. वाईट वाटतं ते याचं की आपल्या शाळेतली रात्रीची अभ्यासिका सर रिटायर झाल्यावर बंदच पडली.

महोत्सवाच्या निधीतून नवीन कमान होणार आहे असं कळलं. कमान जरूर करा, माझी देणगी पाठवलीच आहे. पण समितीला हात जोडून विनंती आहे की दिवाळीनंतर दहावीच्या मुलांसाठी एक खोली संध्याकाळी सात ते नऊ उघडी ठेवा. शनिवारी मी धुळ्याहून स्वतः येईन, इतर दिवसांसाठी ९४ च्या बॅचमधले चार जण तयार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. घरच्यांची एक मीटिंग घ्यावी लागेल, ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी बोलवा. कागदांची सोय मी करते, किल्ली कोणाकडे राहील तेवढं कळवा.