उद्या या

आमच्या टेस्ट सर्व्हरवर माझ्या नावावर 2 कोटी रुपये आहेत. खऱ्या खात्यात 312, आणि मेसच्या काकू परवापासून माझ्याकडे बघून पोळ्या मोजताहेत.

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आठवड्यातले 20 तास पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. प्रॅक्टिकल चारला संपतं, साडेचारला मी लॅपटॉप उघडून बसलेला असतो. फिनटेक म्हणजे काय हे घरी समजावताना आईने 'बँकेत लागला' एवढं उचललं आणि गल्लीभर सांगितलं. बाबा मात्र नीट ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे माझंच काम, फक्त बसून."

बाबा गावातल्या पतसंस्थेचे पिग्मी एजंट. सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये दारोदार जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, त्याच वाटेवरचा हा धंदा. चहावाला, पंक्चरवाला, फुलवाल्या आजी, कुणाचे 20 तर कुणाचे 50. तेव्हा बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं.

पहिल्याच आठवड्यात मी रक्कम दशांशात साठवली. रुपये म्हणजे पॉइंट आणि पुढे दोन आकडे, शाळेत शिकवलंय तसं. माझा कोड तपासणाऱ्या ताईने मला 0.1 आणि 0.2 ची बेरीज करायला लावली. कॉम्प्युटरने उत्तर दिलं 0.30000000000000004. "पैसे पैशात ठेव," ती म्हणाली. म्हणजे 45 रुपये 50 पैसे हे 4550 असे, पूर्णांकात. चार आण्याचं नाणं 30 जून 2011 ला चलनातून गेलं, एक पैशाचं नाणं तर वापरातून त्याच्याही आधीच गेलं होतं. बाजारात तो आता कुणी ओळखणार नाही, पण आमच्या डेटाबेसमध्ये त्याच्याशिवाय पान हलत नाही.

खरी गंमत मात्र 'पेंडिंग'ची. मला वाटायचं, पेमेंट होतं किंवा होत नाही. कोडमध्येही मी दोनच खाने ठेवले होते. मधल्या वेळेत बँकेकडून उत्तरच आलं नाही तर काय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. उत्तर आलं नाही म्हणजे फसलं असं धरून माझ्या कोडने पुन्हा पाठवलं, आणि टेस्टमधल्या एका काल्पनिक दुकानदाराला एकाच चहाचे दोनदा पैसे मिळाले. दुकानदार काल्पनिक होता म्हणून मी वाचलो. त्या दिवसापासून प्रत्येक व्यवहाराला आधी एक नंबर चिकटवायचा, आणि तोच नंबर पुन्हा आला तर पैसे न हलवता जुनंच उत्तर द्यायचं, हे हाताला लागलं.

अशा अधांतरी पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये नियम केलाय. यूपीआयने एका माणसाच्या खात्यातून कापलेले पैसे दुसऱ्याच्या खात्यात पोचले नाहीत, तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत. त्यापुढे रोज 100 रुपये भरपाई. ऑफिसात याला 'टी प्लस वन' म्हणतात, म्हणजे व्यवहाराचा दिवस अधिक एक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काहीतरी गहन असेल असं वाटलं होतं. मग उमगलं, हे तर बाबांना रोज ऐकावं लागणारं "उद्या या". फक्त पंक्चरवाला उशिराबद्दल 100 रुपये देत नाही.

परवा रात्री साडेदहाला बाबांचा फोन आला. आवाज पडलेला. हिशेबात दहा रुपये जास्त येत होते.

"मग बरंच आहे की."

"अरे, कमी आले तर खिशातले घालतो मी. जास्तीचे कुणाचे म्हणून लिहू?"

मला काही सुचेना. आमच्याकडेही हाच प्रकार. रोज सकाळी बँकेची फाइल येते, आमची नोंद तिच्याशी ताडून बघायची, याला 'रिकॉन' म्हणतात. कमी पडलेल्या ओळीपेक्षा बिनमालकाची जास्तीची ओळ सगळ्यांचा जीव खाते. मी बाबांना एकेक नाव वाचायला सांगितलं आणि इकडे बेरीज करत गेलो. एकशे दहा नावं. बेरीज बरोबर, दहा रुपये तरीही वर. बाराला आईने फोन हिसकावून घेतला.

सकाळी साडेसातला मेसेज: फुलवाल्या आजींनी 20 ऐवजी 30 दिले होते. मशीनवर 20 चीच नोंद. परवाचे दहा राहिले होते म्हणे, देताना बोलायचं विसरल्या.

कॉलेजला जाता जाता मी फोन केला. बाबांनी विचारलं, "तुझ्या कंपनीच्या मशीनला हे कधी सापडलं असतं?"

"फाइल आल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"बघ. मलाही सकाळीच सापडलं," ते म्हणाले, आणि मेसचे पैसे पाठवू का म्हणून विचारलं.