जळालेल्या मोटरसायकलचे कागद

मोटरसायकल जळून खाक झाली म्हणजे तिची नोंदणीही आपोआप संपली, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात आरटीओच्या दप्तरी ती गाडी पूर्वीच्याच मालकाच्या नावावर चालू असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत, किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, तसे आरटीओला कळवून आरसी, म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र, जमा करायची असते. आमच्या इमारतीच्या मीटरबोर्डापाशी आग लागून पार्किंगमधल्या दुचाक्या जळाल्या, तेव्हा धाकट्या भावाच्या गाडीच्या निमित्ताने ही सगळी कागदपत्रे माझ्या हाताखालून गेली. त्यामुळे हे लिहीत आहे.

पहिला प्रश्न विम्याचा. ज्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा होता, त्यांना स्वतःच्या गाडीपोटी एक रुपयाही मिळाला नाही, कारण तो विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपल्याकडे ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतात तो विमा असेल, तरच आग, पूर, चोरी यांची भरपाई मिळते, आणि तीही आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, मर्यादेत. प्रचलित तक्त्याप्रमाणे तीन ते चार वर्षे जुन्या गाडीला ४० टक्के घसारा लागतो. म्हणजे नव्वद हजारांच्या गाडीची आयडीव्ही चोपन्न हजारांवर येते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे, म्हणजे या उदाहरणात साडेचाळीस हजारांपुढे गेला, की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, ठरते. हप्ता थोडा कमी यावा म्हणून आयडीव्ही मुद्दाम खाली लिहून घेणारे बरेच असतात. त्या बचतीची खरी किंमत अशा वेळी कळते.

पोलिसांचा पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला हाती आल्यावर विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला. इंजिनाचे ॲल्युमिनियम वितळून फरशीवर थिजले होते, त्यामुळे इंजिन नंबर पाहण्याची सोयच उरली नव्हती. चासी नंबर मात्र हँडलखालच्या पोलादी नळीवर कोरलेला असतो. सर्व्हेअरने रॉकेलच्या बोळ्याने तिथली काजळी घासून काढली, एकेक आकडा आरसीशी ताडून पाहिला आणि मगच फोटो घेतला. गाडी हीच होती, एवढे सिद्ध करायला तेवढी नळी पुरली. म्हणूनच पंचनामा होण्याआधी सांगाडा हलवू नये, मग सोसायटीतले कितीही घाई करोत.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर भरपाईची रक्कम आधी बँकेच्या थकबाकीत जाते आणि उरली तर मालकाला मिळते. आयडीव्हीपेक्षा कर्ज जास्त असेल, तर नसलेल्या गाडीचे हप्ते भरावे लागतात. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावरच राहिली असेल, तर गुंता आणखी वाढतो. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच, वारसांच्या कामी येते. तेवढ्यात ती नावावर करून घ्यावी लागते आणि गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. आमच्या शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षे तो भरला नव्हता.

सर्वांत सावध राहण्याची जागा म्हणजे सांगाड्याचा सौदा. विमा कंपनी सांगाडा ताब्यात घेऊन भरपाई देते, किंवा त्याची किंमत वजा करून तो मालकाकडेच ठेवते. या दुसऱ्या प्रकारात भंगारवाला दोन भाव सांगतो, आरसीसह एक आणि आरसीशिवाय एक, आणि पहिला भाव बराच चढा असतो. जळक्या लोखंडाला एवढी किंमत कोण देईल? ती किंमत कागदाची असते. तोच चासी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकला की तिला अस्सल आरसी मिळते. पुढे त्या गाडीने कोणाला उडवले, तर नोटीस नोंदणीकृत मालकाच्या दारी येते. अपघाताच्या दाव्यात गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे जादा दोन-तीन हजारांच्या मोहाने मूळ आरसी देणे मला निव्वळ वेडेपणा वाटतो.

आम्ही सांगाडा ठेवून घेतला, पण तो विकण्याआधी चासी नंबरचा तुकडा कापून घेतला आणि मूळ आरसी, पंचनामा, विमा कंपनीचे पत्र व बँकेची एनओसी यांच्यासह आरटीओत नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दिला. जुनी ई-चलाने थकलेली असतील तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून ती आधी भरून टाकली. या सर्व कागदांच्या झेरॉक्सवर आरटीओची पोच घेतली आणि नोंदणी रद्द झाल्याचे पत्र हाती आल्यावरच उरलेले लोखंड किलोच्या भावाने दिले.