आमची वाटचाल : वही, तिकिटं आणि तटबंदीची गावं

नमस्कार. आम्ही दोघी जावा नाशिकहून एक व्यवसाय चालवतो : जर्मनीत आपलं आपण फिरायला जाणाऱ्यांना सगळा प्रवास वहीत लिहून देतो. जर्मनीचं सगळं मी बघते आणि धाकटी जाऊ हिशोब, व्हिसाची कागदपत्रं, फोन. तुम्ही ग्रुप टूर का काढत नाही, सोबत माणूस का देत नाही असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

मी पुण्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकले आणि मग एका कंपनीत दुभाषी म्हणून लागले. २००८ मध्ये कंपनीने तीन महिने व्युर्त्सबुर्गजवळ पाठवलं. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून काय करणार? तेव्हा शनिवार-रविवारसाठी एक स्वस्त तिकीट मिळायचं, एका तिकिटावर पाच जणांनी दिवसभर साध्या गाड्यांनी देशात कुठेही फिरायचं (ते २०१९ मध्ये बंद झालं), तर आम्ही ऑफिसातल्या चौघी-पाचजणी डबा घेऊन निघायचो आणि नकाशावर जे गाव बारीक अक्षरात असेल तिथे उतरायचो. अशीच रोथेनबुर्गची वेस पहिल्यांदा बघितली. तटावर वरून छप्पर आहे, लाकडी, आणि आत चालायला जेमतेम दोन माणसांची वाट. भिंतीत जागोजागी नावं कोरलेले दगड आहेत. ३१ मार्च १९४५ ला बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग आणि तटाचा बराचसा तुकडा पडला, तो पुन्हा उभा करायला जगभरातून लोकांनी पैसे दिले, त्यांची ती नावं. अमेरिकन नावं, जपानी नावं. मी एकेक वाचत गेले आणि परतीची गाडी चुकली.

२०११ मध्ये बाबा पोस्टातून रिटायर झाले. आई-बाबांना जर्मनी दाखवायची असं माझं ठरलेलंच होतं, तिकिटं काढून झाली आणि ऐनवेळी माझी रजा नामंजूर झाली. बाबा म्हणाले आम्ही जातो, तू फक्त लिहून दे. मग मी दोनशे पानी वही आणली आणि तीन रात्री बसून लिहिलं. एका गाडी-बदलाला एक पान. ती वही अजून माझ्या टेबलावर आहे, कव्हर सुटलंय. श्टाइनाखचं पान असं आहे:

"बाबा, व्युर्त्सबुर्गहून निघाल्यावर पाऊण-एक तासाने श्टाइनाख येतं. पाच मिनिटं आधी उठा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. उतरल्यावर बोर्डवर रोथेनबुर्ग शोधा आणि त्याच्यापुढे ग्लाइस लिहून आकडा असेल तो बघा, ग्लाइस म्हणजे प्लॅटफॉर्म. पुढची गाडी अगदी छोटी आहे, तीच आपली. पंधरा मिनिटांत रोथेनबुर्ग. तेच शेवटचं स्टेशन, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. आईला खिडकीशी बसवा."

दोघं पंधरा दिवस फिरून आले. येताना बाबांनी वहीत जागोजागी पेन्सिलने स्वतःच्या नोंदी केलेल्या होत्या, "इथे जिना आहे, लिफ्ट मागच्या बाजूला", "इथे नळाचं पाणी मागितलं तर तोंडाकडे बघतात", असं. आईने मला एकच सांगितलं, की आम्हाला कोणी कुठे चला म्हटलं नाही, मला जिथे बसावंसं वाटलं तिथे मी बसले. मला त्यातच आमचं काम सापडलं. २०१३ मध्ये बाबांचे मित्र आणि त्यांच्या मिसेस अशीच वही घेऊन फिरून आले, ओळखीतूनच पुढची चार जोडपी आली आणि २०१४ मध्ये मी नोकरी सोडून जाऊबाईंना सोबत घेतलं.

आमचा मुख्य मार्ग अजून तोच आहे. व्युर्त्सबुर्ग, रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल, न्योर्डलिंगेन, आउग्सबुर्ग. हा सगळा रोमँटिक रोडचा पट्टा, व्युर्त्सबुर्ग ते फ्युसेन. १९५० मध्ये हे नाव देऊन तो पर्यटनासाठी आखला, युद्धानंतर बाहेरच्या लोकांनी पुन्हा यावं म्हणून. बरेच लोक तो एका दिवसात बसमधून उरकतात. आम्ही प्रत्येक गावात निदान दोन रात्री ठेवतो, कारण दिवसाच्या बसेस संध्याकाळी निघून गेल्या की ही गावं खरी दिसायला लागतात.

नुसत्या रेल्वेने मात्र हे जमत नाही. डिंकेल्सब्यूलला १९८५ पासून रोजची प्रवासी गाडी नाही, तिथे बसच. पूर्वी जर्मनीत लांबच्या बसगाड्यांना कायद्यानेच आडकाठी होती, रेल्वेला स्पर्धा नको म्हणून. ती १ जानेवारी २०१३ ला उठली आणि मोठ्या शहरांमध्ये बसेस धडाधड सुरू झाल्या, पण आपल्या या छोट्या गावांना त्याचा फार उपयोग नाही. इथे कामाला येते ती गावची साधी बस, नाहीतर उन्हाळ्यापुरती चालणारी रोमँटिक रोडची कोच, आणि ती कुठल्या वारी धावते ते दरवर्षी नव्याने बघावं लागतं.

माझ्या हातून एक मोठी चूक याच बसच्या बाबतीत झाली. २०१६, रविवार. एका काका-काकूंना मी डिंकेल्सब्यूलहून दुपारची बस लिहून दिली होती. वेळापत्रकात त्या बसपुढे छोटंसं टेलिफोनचं चित्र होतं, ते मी बघितलं आणि पुढे गेले. त्याचा अर्थ असा की ही बस बोलावल्याशिवाय येत नाही, आधी फोन करून सांगावं लागतं की अमुक स्टॉपवर दोन माणसं आहेत. काका-काकू दीड तास स्टॉपवर उभे, पावसाची भुरभुर, काकूंचा गुडघा दुखतोय. शेवटी मी नाशिकहून त्यांच्या हॉटेलच्या मालकीणबाईंना फोन केला आणि त्यांनी टॅक्सी बोलावून दिली. टॅक्सीचे पैसे आम्ही दिले, काका नको म्हणत असताना दिले. तेव्हापासून रविवारी कोणालाही बसचा प्रवास ठेवत नाही आणि बसच्या प्रत्येक पानावर टेलिफोनचं चित्र आहे की नाही हे जाऊबाई वेगळं तपासतात, माझ्या तपासण्यावर सोडत नाहीत.

जेवणाचं पान आम्ही सगळ्यात जास्त वेळा बदललं असेल. आपले बरेच लोक शाकाहारी, आणि तिकडे बटाट्याच्या सूपमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, माउलटाशन नावाची मोठी करंजीसारखी चौकोनी वस्तू दिसायला साधी पण आत बहुतेक वेळा मांस. म्हणून वहीच्या मागच्या बाजूला एक कार्ड चिकटवलेलं असतं, जर्मनमध्ये मोठ्या अक्षरात, मांस नको, मासे नकोत, स्पेक (डुकराचं खारवलेलं मांस) नको, अंडं चालेल किंवा चालणार नाही. स्पेक हा शब्द वेगळा लिहावाच लागतो, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर तो कधीकधी त्यांच्या हिशोबात येत नाही. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांना आम्ही पांढरं अ‍ॅस्परॅगस खायला सांगतो, श्पार्गल म्हणतात, २४ जूनला त्याचा हंगाम संपतो.

मला स्वतःला विचाराल तर न्योर्डलिंगेन सगळ्यात जवळचं. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तिथे उल्का पडली आणि पंचवीसेक किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला, गाव त्या खड्ड्यातच वसलंय. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर तिथे दगड ओळखायला शिकायला आले होते. गावचं चर्चसुद्धा त्या आघातातून झालेल्या दगडाचंच, आणि त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे हिरे आहेत. तट पूर्ण गोल आहे, २.७ किलोमीटर, कुठेही न उतरता फेरी पुरी होते. चर्चच्या मनोऱ्याला डॅनियल म्हणतात, ९० मीटर उंच, आणि रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने वरून राखणदार हाळी देतो. "झो ग्झेल झो". आम्ही लोकांना सांगतो की त्या रात्री लवकर झोपू नका.

आउग्सबुर्गच्या फुगराय वस्तीला अर्धा दिवस ठेवतो. याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये गरजू लोकांसाठी ही घरं बांधली, आजही लोक राहतात आणि वर्षाचं भाडं ८८ सेंट, शिवाय रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. दारांवरच्या घंटांच्या लोखंडी मुठी बघा, शेजारच्या घराची वेगळी, त्याच्या पलीकडची आणखी वेगळी. पूर्वी रात्री दिवे नव्हते तर माणसाने हाताने चाचपून आपलं घर ओळखावं म्हणून. आई तिथे बराच वेळ एकेक मूठ हातात धरून बघत होती असं बाबांनी वहीत लिहिलंय.

२०२० मध्ये सगळं थांबलं. सतरा जोडप्यांचे पैसे होते, आमची फी आम्ही सगळ्यांना परत केली आणि दोन वर्षं मी भाषांतराची कामं घेतली, जाऊबाईंनी ऑनलाइन शिकवण्या. २०२२ ला पुन्हा सुरू केलं तर त्या उन्हाळ्यात तिकडे महिनाभर साध्या गाड्यांनी देशात कुठेही फिरायचं ९ युरोचं तिकीट निघालेलं, जून ते ऑगस्ट, साध्या गाड्यांमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती, आम्ही तेव्हा सगळे प्रवास मधल्या वारी सकाळी उशिराच्या गाड्यांवर टाकले. मे २०२३ पासून तसंच महिन्याचं डॉइचलांड तिकीट आलं, आधी ४९ युरो, २०२५ मध्ये ५८, २०२६ पासून ६३. फास्ट गाड्यांना चालत नाही पण आमचा मार्ग जवळजवळ सगळा साध्या गाड्या-बसेसचाच, त्यामुळे पंधरा दिवस फिरणाऱ्याला बहुतेक वेळा परवडतं. फक्त ते महिन्याचं वर्गणीचं तिकीट आहे, १० तारखेच्या आत बंद करायला सांगितलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ते बंद करणं आता जाऊबाईंच्या कॅलेंडरवर असतं, प्रवाशांवर आम्ही टाकत नाही.

वही अजून छापील केली नाही. टाइप करून, स्पायरल बाइंडिंग करून देतो, उजवं पान कोरं, लिहायला. परत आल्यावर वही आम्ही दोन दिवसांसाठी मागून घेतो आणि कोऱ्या पानावर जे लिहिलंय ते पुढच्यांच्या वहीत जातं. गेल्याच आठवड्यात साताऱ्याच्या एक मॅडम, वय एकाहत्तर, एकट्या जाऊन आल्या. त्यांनी श्टाइनाखच्या पानासमोर लिहिलंय की गाडीतून उतरताना पायरी उंच आहे, बॅग आधी खाली ठेवावी, मग आपण. आज सकाळी ते वाक्य पानात घातलं.