हरभऱ्याच्या वावरातला रोही

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वनपाल म्हणून काम करताना पीक नुकसानीचे पंचनामे मी पुष्कळ केले. परंतु परवान्यावर मारलेल्या रोह्याचा, म्हणजे नीलगायीच्या नराचा, पंचनामा एकदाच केला.

पौष महिना होता आणि हरभऱ्याला घाटे धरले होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 नुसार उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या काही प्राण्यांच्या शिकारीस परवानगी देता येते, आणि त्याच आधारे एका शेतकऱ्याच्या अर्जावर एका जनावरापुरता परवाना मिळाला होता. बंदूक परवानाधारकाने पहाटे गोळी झाडली. उजाडता उजाडता मी वावरात पोहोचलो.

बांधाला लागून पूर्ण वाढलेला निळसर करडा नर पडला होता. गळ्याखाली केसांचा झुपका, शिंगे जेमतेम वीतभर. जबडा उघडून पाहिला, तर आत अर्धवट चावलेला हरभऱ्याचा पाला होता आणि त्याला आंबेचा, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाचा, वास येत होता. मृत वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असल्यामुळे मोजमापे घेऊन, पंचांच्या सह्या घेऊन आम्ही तो तिथेच पुरला. एवढ्या धुडासाठी खड्डा खणता खणता दुपार झाली.

माती ओढून झाल्यावर शेतकरी म्हणाला, "सायेब, एक मारीसनी काय व्हई? बाकीना ते रातले येतीनच."

त्याचे म्हणणे खरे होते, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. खऱ्या हरणांसारखी नीलगायीची शिंगे दरवर्षी गळत नाहीत, पण संख्यावाढीचा हिशेब हरणांसारखाच असतो: एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे एक नर गेल्याने पुढच्या वर्षीच्या पिल्लांत फरक पडत नाही, आणि नीलगायीला तर बऱ्याचदा जुळी होतात. शिकारी मात्र अंधारात जे मोठे आणि ठळक दिसते त्यावरच नेम धरतो. स्कॉटलंडमध्ये लांडगे केव्हाच नामशेष झाल्याने तांबड्या हरणांची संख्या शिकारीनेच आटोक्यात ठेवावी लागते. तिथे आधी गणना होते आणि माद्या किती मारायच्या हे तीवरून ठरते. आपल्याकडे 2016 मध्ये बिहारमधील मोकामा परिसरात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा वाद रंगला तो मारावे की मारू नये एवढ्यावरच. माझ्या मते गणनेशिवाय दिलेला परवाना शेतकऱ्याचेही भले करत नाही आणि जनावराचा जीव मात्र फुकट जातो.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. नीलगायी ठराविक जागीच लेंड्या टाकतात. बांधापलीकडच्या त्या ढिगावर ताज्या, ओल्या लेंड्या होत्या. मी वहीत नोंद करू लागलो, तेव्हा शेतकऱ्याने मला मचाणाखाली नेले आणि बाभळीच्या खांबावर विळ्याने पाडलेल्या खाचा दाखवल्या. एका बाजूला माद्यांच्या अकरा, दुसऱ्या बाजूला पिल्लांच्या सात, आणि नराची एक, जिच्यावर त्याने आडवी रेघ मारली होती. दिवाळीपासून तो रोज रात्री मोजत होता. अर्जाच्या नमुन्यात ही माहिती विचारणारा रकानाच नव्हता. मी त्या खाचा जशाच्या तशा कागदावर उतरवल्या, खाली त्याचा अंगठा घेतला आणि तो कागद पंचनाम्याला जोडून वर पाठवला.