कुठली गोळी घेतलीत?

जिन्यात, हळदीकुंकवाला, परवा तर बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना, मला सगळे एकच विचारतात. "तुमचं डोकं रोज दुखायचं ना हो? मग थांबलं कसं? कुठली गोळी घेतलीत?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. घेतली नाही, सोडली. पण एवढंच सांगितलं की समोरच्याला वाटतं ही टाळतेय, किंवा आता प्राणायामावर गाडी नेणार. म्हणून जरा बैजवार सांगते.

मी पंचवटीत राहते आणि घरूनच रविवार कारंजा, मेनरोडकडच्या आठ-दहा दुकानदारांचे हिशेब लिहिते. डोकं पहिल्यांदा कॉलेजात असताना दुखलं. महिन्यातून एखाद्या वेळी, एकाच बाजूला ठणका, उजेड नको, कुकरची शिट्टी नको, उलटी झाली की मोकळं. होती ती अर्धशिशी, पण घरात त्याला 'पित्त' म्हणत. आईच्या आत्याने सूर्य उगवायच्या आत दुधाबरोबर जिलेबी खायला सांगितली. ती मी खाल्ली. गुण आला नाही, पण त्या उपचाराबद्दल माझी काही तक्रार नाही.

चाळिशीनंतर ते रोजचं झालं. आता ठणका नव्हता. कुणी कपाळाभोवती फडकं आवळून बांधावं आणि सोडायला विसरावं, तसं. मधूनच त्याच्यावर जुना ठणका चढायचा. सकाळच्या चहाबरोबर एक गोळी, दुपारी एक, जीएसटी रिटर्न भरायची ११ किंवा २० तारीख जवळ आली की तिसरी. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न विचारता कात्री घेऊन पाकिटातून चार गोळ्या कापून द्यायचा. नाव आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा कायम त्याच्याकडे, चार चंदेरी फुगे माझ्याकडे. पर्सच्या आतल्या कप्प्यात, हिंगाच्या डबीमागे, गाडीच्या डिकीत, सगळीकडे ते फुगे. घरच्यांना वाटायचं मी आठवड्याला दोन-तीन घेते. मलाही प्रामाणिकपणे तसंच वाटायचं.

मग तपासण्या. चष्म्याचा नंबर निघाला, चष्मा आला, डोकं तसंच. सायनस म्हणून नाकाचे फवारे झाले. शेवटी डोक्याचा स्कॅन. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा मला तिथेच बाकावर रडू फुटलं. दिसणारं काही निघालं असतं तर निदान लोकांना दाखवता आलं असतं. एका डॉक्टरांनी तो लिफाफा बाजूला सारून "टेन्शन घेऊ नका" एवढा सल्ला दिला आणि फी घेतली.

पुढे गंगापूर रोडला एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी डोकं किती दुखतं हे विचारलंच नाही. "महिन्यात किती दिवस अजिबात दुखत नाही?" असं विचारलं. मला एकही दिवस आठवेना. "गोळ्या किती?" "लागेल तशी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, महिनाभर कॅलेंडरवर लिहा. दुखलं तर फुली, गोळी घेतली की टिंब.

स्वयंपाकघरात कालनिर्णयवर दूधवाल्याचे खाडे आणि सिलेंडरची तारीख मी लिहितेच. त्याच चौकोनांत लाल बॉलपेनाने फुल्या सुरू केल्या. दुसऱ्यांच्या खतावण्या जुळवणाऱ्या बाईने स्वतःची वही कधी उघडली नव्हती, हे महिनाअखेरीला कळलं. फुल्या २६. टिंबं ५१.

आणखी एक गंमत निघाली. माझी खात्री होती की २० तारखेच्या आसपास सगळ्यात जास्त दुखतं. तसं नव्हतं. मोठ्या फुल्या रविवारच्या होत्या. रविवारी आम्ही उशिरा उठतो आणि सगळे मिसळ खायला जातो. नाशिकमध्ये हे देवदर्शनासारखंच पाळलं जातं. घरी येईपर्यंत माझं डोकं फुटायला आलेलं असायचं आणि मी वर्षानुवर्षं त्या बिचाऱ्या तर्रीला शिव्या घालत आले. फुलीशेजारी वेळ लिहायला लागले तेव्हा दिसलं, की टेबलावर मिसळ यायच्या आधीच दुखायला लागलेलं असतं. रोज साडेसहाला उठणारी मी रविवारी नऊला उठायचे, साडेसहाचा चहा साडेदहाला, पोट रिकामं. अर्धशिशीच्या माणसाला झोपेत, खाण्यात, चहात असा अचानक बदल सोसत नाही. मिसळ निर्दोष सुटली.

आता त्या ५१ टिंबांचं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय आणि तीन महिन्यांच्या वर हे चाललंय, तर डॉक्टर त्याला रोजची जुनाट डोकेदुखी म्हणतात. हे एकाच आजाराचं नाव नाही. कुणाची मूळची अर्धशिशी बिघडून तशी होते, कुणाची मान-कपाळ आवळणारी ताणाची डोकेदुखी वाढत जाते. आणि या दोन्हींवर गोळ्यांचा थर चढतो. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यात १५ दिवस, आणि कॅफिन वगैरे घातलेली मिश्र गोळी नुसती १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागू शकते. माझी मिश्र होती. अंमल उतरला की डोकं पुन्हा मागायचं, मी पुन्हा द्यायचे. सावकाराचं व्याज, दुसरं काय.

मला हे पटेना. "आमच्या शेजारच्या काकू गुडघ्यासाठी रोज गोळी घेतात, त्यांचं नाही दुखत डोकं!" डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यांच्या डोक्याचा तो स्वभाव नाही, तुमच्या डोक्याचा आहे. ज्यांना मुळात डोकेदुखी असते, प्रामुख्याने त्यांनाच हा फेरा लागतो.

गोळी एका सोमवारी बंद केली. मंगळवारी दुपारी मी बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडले होते, कारण घरात तेवढंच गार होतं. उलट्या, हात थरथरताहेत, रात्री झोप नाही. सुटताना पहिले काही दिवस दुखणं वाढणार हे आधी सांगितलं होतं, उलटीसाठी औषधही दिलं होतं, म्हणून तग धरला. नवऱ्याने त्या आठवड्यात सगळे चंदेरी फुगे गोळा करून बहिणीकडे सिडकोत नेऊन ठेवले. हिंगाच्या डबीमागचे त्याला सापडले नाहीत. पाचव्या दिवशी मी डबीपर्यंत हात नेला होता, हेही सांगून टाकते. दहाव्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना लक्षात आलं की कपाळावर काही नाही. मी थांबून हात लावून बघितलं, पीठ लागलं कपाळाला.

तर गोळी सोडली हे खरं, पण रोज रात्री एक दुसरी सुरू झाली, दुखणं थांबवायची नाही, येऊच नये म्हणून. अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅमपासून. तोंड कोरडं पडतं, सकाळी डोळे जड. भाचा नेटवर वाचून म्हणाला, "मावशी, ही तर डिप्रेशनची गोळी!" आहे ना. छोट्या मात्रेत ती डोकेदुखीलाही देतात. गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि बरेच लोक तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. कुणाला प्रोप्रॅनोलॉल देतात, कुणाला टोपिरामेट. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. म्हणून माझ्या गोळीचं नाव कळलं तरी ते मेडिकलात जाऊन सांगू नका. आणि झोपेच्या किंवा कोडीन, ट्रॅमाडॉल असलेल्या कडक दुखण्याच्या गोळ्या रोज चालू असतील तर माझ्यासारख्या सोमवारी एकदम बंद करू नका, त्या डॉक्टरांच्या हाताखालीच कमी करायच्या असतात.

काही डोकेदुख्यांना कॅलेंडर लावत बसायचं नसतं. एका क्षणात आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं, तापाबरोबर मान आखडली, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, दिसायचं कमी झालं, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, तर सरळ दवाखाना गाठायचा. जिन्यात मला गाठायचं नाही.

बरी झाले का म्हणाल, तर नाही. महिन्याला चार-पाच फुल्या पडतात. ठणक्याची वेगळी गोळी आहे, ती आठवड्यात दोन दिवसांच्या वर घ्यायची नाही असा करार आहे. रविवारीही साडेसहालाच उठते, चहाबरोबर दोन बिस्किटं खाते आणि मग साडेदहाला मिसळ. घरचे म्हणतात तुझा रविवार गेला. आज १८ तारीख, या महिन्यात आतापर्यंत तीन फुल्या. परवा वीस आहे, आणि भांडीवाल्या शेठनी खरेदीची बिलं अजून पाठवलेली नाहीत.